पालिदा

गुरुवारी ती यायची.
सोगामोसोहून घाट चढून, तोताच्या पाण्याला वळसा घालून
आमच्या कांद्याच्या वाफ्यांपाशी पोहोचेतो
तिला सायकलीवर तीन तास झालेले असायचे,
आणि आम्हाला, चारपासून पात उपटणाऱ्यांना, पाच.
हातांत कांदा इतका मुरलाय
की रविवारी देवापुढे जोडले तरी नाकाशी तोच.
पण सांगत होते त्या मुलीचं.

त्या दिवशी ती पडली नाही.
पडण्याला आवाज असतो.
ही नुसती मंदावत गेली, चुलीतल्या शेवटच्या काटकीसारखी.
मग एक पाय टेकवून उभी राहिली
आणि समोरच्या सरळ रस्त्याकडे बघू लागली,
जसं काही तो कुठे जातो तेच आठवेना.

ओठ पांढरे. कानांच्या पाळ्या पांढऱ्या.
आमच्याकडे ह्याला नाव आहे, पालिदा.
फिकुटलेली.
बाईच असते ती. चढावर मागून गुपचूप येते,
सीटमागे बसते,
आणि मग काही केल्या उतरत नाही.

"काय खाल्लंस?"
"काळी कॉफी."
"आणि?"
तिने हँडलवरचं यंत्र दाखवलं.
त्यात काळजाचे ठोके होते, चढ होता,
पायांचा जोर होता, आकड्यांत.
न्याहारीचा रकाना नव्हता.

नोहोरा सेली, वय एकोणीस.
गळ्यात शिट्टी अडकवलेल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं,
एक किलो उतरवलास
तर घाटात पाऊण मिनिट वाचतं.
तिने तीन उतरवले होते.
सव्वादोन मिनिटं वाचवून
ती माझ्या बांधावर वीस मिनिटं बसली.

मला हसू आलं नाही.
आम्ही सात भावंडं. उपास
आमच्या घरी कुणी ठरवून करत नसे,
तो व्हायचा, महिनाअखेर होते तसा.
अर्धपोटी वाफ्यात वाकलं
की अकराच्या सुमाराला डोळ्यांपुढे काजवे,
पेंढीची गाठ बसत नाही,
बोटं दुसऱ्या कुणाची तरी होतात,
आणि मुकादम म्हणतो, आळशी.
लांबून बघितलं तर
भूक आणि आळस सारखेच दिसतात.
त्याला लांबूनच बघायचे पैसे मिळतात.

एप्रनच्या खिशात पानेलाचा खडा होता,
अंगठ्याएवढा गूळ, रुआनाची लोकर चिकटलेला.
दाताने फोडला. अर्धा तिच्यापुढे धरला.
तिने त्याच्याकडे बघितलं
जसं प्रगतिपुस्तकातल्या लाल शाईकडे बघतात.
"खा," मी म्हटलं,
"नाहीतर कांद्याच्या ट्रकमध्ये टाकीन, सायकलीसकट."

मग बघण्यासारखं होतं.
आधी कान आले. खरंच,
रंग कानांपासून परत येतो.
मग ती कुडकुडली, म्हणजे थंडी
आता तिला कळू लागली.
मग रडली थोडंसं, कुणावर तरी चिडून,
आणि नाक पुसून म्हणाली,
"अजून आहे?"

माझे उकडलेले बटाटे होते, चार, मिठातले.
आरेपाचा तुकडा होता.
तिने साल काढायलाही वेळ घेतला नाही.
दोन वाजेपर्यंत माझी पालिदा
माझी मीच सांभाळली.
हे तिला बोलले नाही.
तुम्हाला सांगते, कारण तेव्हा
मला तिचा थोडा रागही आला होता.

पुढच्या गुरुवारी ती थांबली नाही.
एक गाल फुगलेला, जबडा चालू,
जाता जाता हात वर केला
आणि बांधावर काहीतरी फेकलं.
बिहाओच्या पानात बांधलेल्या पेरूच्या वड्या, दोन.
एक मी खाल्ली. एक मुकादमाला दिली,
बघू म्हटलं, त्याला काय होतं.
काही झालं नाही.

त्यानंतर ती दिसली नाही.
शर्यतींना गेली, की शिट्टीवाल्याने
आणखी कुठला आकडा सांगितला, कोण जाणे.
गुळाचा खडा मात्र मी अजून खिशात ठेवते,
कुणाला लागला तर.
अकरापर्यंत ठेवते.
मग मीच खाते.